तिसरी ओळ खाली जाते!

गुडघा गेल्यावर माणसानं काय करावं? ओट्यावर बसून जाळी विणावी, संध्याकाळी देवळात, म्हणजे चर्चमधे, जावं, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शिव्या द्याव्या. वसईच्या पाचूबंदरातले सगळे म्हातारे तेच करतात. पण इझाबेलच्या नवऱ्याचं सगळंच वेगळं! डॉमनिकनं होडी मुलाच्या, फ्रान्सिसच्या, हवाली केली, माळ्यावरची जुनी गिटार खाली काढली आणि घरात कायदा लावला : रेकॉर्डिंग चालू असताना कुणी बोलायचं नाही. भांडं वाजवायचं नाही. शिंक आली तर गिळायची. एक दिवस तर त्यानं इझाबेलला हळूच सांगितलं,

"जरा दमानं श्वास घे गो. माइकमधे येतो."

श्वास! जिनं जेटीवरून हाक मारली की किल्ल्यातली कबुतरं उडतात, जिनं उभी हयात वसईच्या बाजारात घसा फोडून मासळी विकली आणि याच्या दारूपासून याच्या गिटारीच्या तारांपर्यंत सगळं पुरवलं, तिला हा सांगणार श्वास कसा घ्यायचा! दर्यावर सरकारनं मासेमारीची बंदी घातली होती. घरात यानं तोंडाची बंदी घातली. सरकारची बंदी निदान नारळी पुनवेला उठते!

आता इझाबेल कुणाचं ऐकून गप्प बसणारी बाई नव्हे. पण या वेळी ती बसली, कारण ते रेकॉर्डिंग तिलाच हवं होतं.

त्याचं असं झालं. शेजारच्या फ्लॉसीच्या मुलीचं, प्रीतलचं, लग्न ठरलं. नवरा अर्नाळ्याचा. फ्लॉसी गावभर सांगत सुटली, "मांडवाला डीजे लावनार हाय. छाती हादरेल असा!" ते ऐकून इझाबेलचीच छाती हादरली. पूर्वी मांडवाच्या संध्याकाळी पुरुष बाहेर बँड ऐकत बसायचे आणि बायका आत दार लोटून नवरीला मधे घेऊन रोझलीनचं गाणं म्हणायच्या. रोझलीन म्हणजे इझाबेलची आई. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण गाणं तिचं स्वतःचं. डीजे आले आणि गाणं बंद पडलं. शब्द अजून चारचौघींना आठवत होते, कारण त्यात नवऱ्याकडच्यांना एक टोमणा होता, आणि टोमणा कोण विसरतं? पण चाल? ती एकट्या इझाबेलच्या गळ्यात उरली होती, आणि गळा आता बाजारात फुटून फुटून भगदाड पडलेल्या होडीसारखा झाला होता.

"डीजे जाळ तुझा!" इझाबेल फ्लॉसीला म्हणाली. "माझ्या आयशीचं गानं म्हनू. जसंच्या तसं! डॉमनिक गिटारीवर वाजवील, आमची आमिषा सगळ्यांच्या फोनवर धाडील, पोरीबाळी पाठ करतील. एक सूर इकडचा तिकडं झाला तर माझं नाव बदल!"

फ्लॉसी म्हणाली, "आणि तुझ्यानं तेवढा वेल गप बसवेल?"

"मी? मी ठरवलं तर मढ्यापेक्षा गप बसेन!"

नाव बदलायची पाळी यायला दिवाळी उलटावी लागली. पण सुरुवात इथंच झाली.

ते गाणं चार ओळींचं :

*मांडवाचे दारी गो, नवरा आयला थाटान*
*काला कोट घालून गो, आयला बँडचे नादान*
*वरून दिसतो ताजा गो, कल्ले बगा उघरून*
*पोर आमची गुनाची गो, नेवा तिला सांबालून*

पहिल्या दोन ओळी वर चढतात, छान हसऱ्या. तिसरी मात्र धपकन खाली जाते, पार पोटात. ती मोठ्यानं म्हणायचीच नाही. एकमेकींच्या कानाशी लागून पुटपुटायची, आणि मग चौथ्या ओळीला एकदम साळसूदपणे वर यायचं. कारण उघड आहे. बाहेर नवऱ्याकडची माणसं बसलेली असतात. त्यांनी पहिल्या दोन ओळी ऐकाव्यात, चौथी ऐकावी आणि माना डोलवाव्यात. मधली ऐकू नये, कारण मासळीचे कल्ले उघडून आत लाल की काळे ते बघतात आणि ताजी की शिळी ठरवतात, तसा इथं नवराच पारखलाय. ती ओळ नवऱ्याच्या कानावर पडू द्यायची नाही, ही रीतच. रोझलीनला सगळ्या मासळीबाजाराची अक्कल होती : टोमणा असा मारावा की मारल्याचं समाधान मिळावं आणि भांडण होऊ नये.

तर डॉमनिकनं माजघराचा स्टुडिओ केला. आमिषा, त्यांची सून, फुलपाड्याच्या फ्लॅटमधे वाढलेली, विरारला ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. तिनं माइक आणून दिला आणि सांगून गेली, "पप्पा, रूममधे एको येतो. भिंतींना काहीतरी सॉफ्ट लावा. फोम वगैरे."

डॉमनिकनं विचार केला, फोम कशाला विकत आणायचा? घरात मासळीचे थर्माकोलचे खोके ढिगानं पडलेत! त्यानं खोके फोडून चारी भिंतींना ठोकले, वरून जुनी जाळी पसरली, आणि पूर्वी जिथं पाळणा टांगायचे त्या कडीला माइक लटकवला. आत शिरलं की वाटायचं, आपण बोंबील आहोत आणि आपल्याला आता मुंबईला पाठवणार आहेत!

पहिल्या दिवशी सगळं जागच्या जागी. पंखा बंद. फ्रिज बंद. इझाबेल दारात स्टुलावर, तोंडावर पदर दाबून. डॉमनिकनं बोट उचललं, लाल दिवा लागला, पहिली तार वाजली.

"म्याँव!"

डॉमनिकनं डोळे वटारून इझाबेलकडे बघितलं. जणू तिनंच केलं! तिनं पदराआडून खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत एक मांजर. त्याच्यामागे दुसरं. पत्र्यावर तीन. खोक्यांत मुरलेला सुरमईचा, पापलेटचा, कोळंबीचा वास बंद खोलीच्या उकाड्यानं असा सुटला होता की पाचूबंदरातली झाडून सगळी मांजरं निमंत्रण आल्यासारखी जमली. बंदीचे दिवस, जेटीवर एक शेपूट मिळत नाही, मग उपाशी जीव जाणार कुठं?

"हाकल त्यांना!"

"मी बोलू शकत नाय," इझाबेल म्हणाली. "कायदा हाय."

मांजरं हाकलली. खिडकीला गोधडी लावली. मग पाऊस पत्र्यावर आला. पाऊस थांबला तर देवळाची घंटा. घंटा थांबली तर कुणीतरी होडीला डांबर लावता लावता हातोडी मारायला लागला. प्रत्येक वेळी डॉमनिक कपाळावर हात मारायचा, लाल दिवा विझवायचा आणि न चुकता इझाबेलकडे बघायचा. लग्न झाल्यापासून याची हीच खोड. जाळं फाटलं, बघ बायकोकडे. वारा पडला, बघ बायकोकडे!

शेवटी एका दुपारी सगळं सामसूम झालं. मांजरंसुद्धा झोपली. डॉमनिक वाजवू लागला. पहिली ओळ, वा! दुसरी, वा! इझाबेलचे डोळे भरून आले. आई समोर बसून सुपारी कातरतेय असं वाटलं. आणि तिसरी ओळ आली, आणि डॉमनिकनं ती वर नेली! वर, आणखी वर, लाटेवर होडी चढावी तशी, आणि वर नेऊन तिथं बोटानं तार थरथरवत ठेवली!

इझाबेलनं पदर चावला. जीभ चावली. ठरवलं होतं, मढ्यापेक्षा गप. पण मढ्यालाही सहन होतं त्याला मर्यादा आहे.

"खाली! अरे खालीऽऽऽ!"

लाल दिवा विझला.

"कसला सुंदर सूर चालला होता गो!" डॉमनिक जवळजवळ रडला. "घालवलास!"

"मी घालवला? गान्याची मान तू मुरगळलीस! तिसरी ओल खाली जाते!"

"मी आयुष्यभर अशीच ऐकली."

"कुठं ऐकलीस? दाराभाईर! हातात गिलास घेऊन! आतून दोन ओली ऐकू आल्या, मधली आलीच नाय, तर तू आपली देवलातल्या गान्याची ठिगल लावलीस!"

"मग म्हणून दाखव मधली."

इथं इझाबेलची खरी गोची होती. म्हणून दाखवणार कशी? ओळ नवऱ्याच्या कानावर घालायची नाही!

"शब्द नाय सांगनार. नुसती चाल गुनगुनते."

"शब्द का नाही?"

"रीत हाय. नवऱ्याला ऐकवायची नाय."

"अगो, केस पिकले, नातवंडं झाली. अजून मी नवराच?"

"मग कोन हायस? पावना?"

तिनं त्याच्या शेजारी बसून चाल गुणगुणली. तो वर जायला लागला की ती त्याच्या मनगटावर चापटी मारायची आणि बोटं खालच्या सुराकडे ढकलायची. रुसत, फुगत, पुन्हा पुन्हा. तिला वाटलं, निदान एक तरी गोष्ट या माणसाला शिकवता आली. आणि मग एकदाची ती ओळ खाली गेली. अगदी तशीच, पोटातल्या पोटात, आईसारखी! लाल दिवा चालू होता. डॉमनिकनं वाजवलं, इझाबेलनं श्वाससुद्धा घेतला नाही, गोधडीआड मांजरं गप्प होती, आणि नेमकी तिसरी ओळ तळाला टेकली तेव्हा दार ढकलून फ्लॉसी आत आली.

"गो इझाबेल, वाटीभर जवला हाय का? उद्या देते!"

इझाबेलनं तिला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. फ्लॉसी जवळा घेऊनच गेली, ते वेगळं.

संध्याकाळी आमिषानं लॅपटॉप उघडला. इझाबेलनं आयुष्यात पहिल्यांदा आईचं गाणं डोळ्यांनी बघितलं : हिरवी रेघ आणि तिला वरखाली टोकं. बांगडा खाऊन झाल्यावर ताटात उरतो ना, तसा काटा!

"हे बघा मम्मी, ही पप्पांची गिटार. आणि इथं हे जाड दिसतंय ना, ही फ्लॉसी आंटी."

"दिसते तशीच जाडी," इझाबेल म्हणाली. "काढून टाक तिला."

"काढते. डोन्ट वरी. एडिटिंगमधे सगळं होतं."

सगळं होतं! इझाबेलला ते पटलं. ती मासळी निवडणारी बाई; काटा काढता येतो आणि मांस तसंच राहतं, यावर तिचा विश्वास. ती समाधानानं चुलीकडे वळली. पुढं आमिषानं गाणं गावातल्या सगळ्या फोनांवर पाठवलं, तिलाही ऐकवायला आणलं, तर तिनं हात झटकला. "माझ्यासमोर वाजवलंय. ताजी मासली खाल्ल्यावर सुकी कोन चघलतं?" फ्लॉसीनं पलीकडच्या आळीत बायकांचा सराव सुरू केला, तिथंही ती गेली नाही. जिचं गाणं तिनं काय शिकायला जायचं? मांडवाच्या दिवशी मधोमध बसेन आणि सूर देईन!

गावात मात्र डॉमनिकचा भाव वधारला. बाजारात, देवळाबाहेर, जेटीवर. "काय वाजवलंय डॉमनिकनं! तिसऱ्या ओलीला तर अंगावर काटा येतो!" इझाबेलला अभिमान वाटायचा. तिसरी ओळ तिनं शिकवली होती ना! घरी मात्र ती हे डॉमनिकला सांगायची तेव्हा तो खाली मान घालून गिटार पुसायला लागायचा. तिला वाटलं, लाजतोय. नवऱ्याची लाज ओळखायला बाईला जन्म पुरत नाही.

दिवाळी झाली. मांडव उभा राहिला. फ्लॉसीच्या दारात आंब्याचे टहाळे, दिव्यांच्या माळा, बाहेर खुर्च्यांवर अर्नाळ्याची सगळी मंडळी, काळ्या कोटात नवरा, आणि त्याच्या शेजारी त्याची आई, अंगावर सोनं आणि चेहऱ्यावर पोलिसाचा भाव. तीही मासळी विकणारी. दिसतच होतं, ताटातल्या भजीचासुद्धा तिनं आधी वास घेतला.

डीजे एका कोपऱ्यात हात बांधून उभा होता. इझाबेलचं तेवढं चाललं होतं. आत बायका जमल्या. मधे प्रीतल, हळदीनं पिवळीधमक. इझाबेलनं नवी साडी नेसून, कपाळावरची बट मागं सारून सूर लावला.

"मांडवाचे दारी गोऽऽ..."

सगळ्यांनी उचललं. काय गळे लागले! पहिली ओळ, दुसरी ओळ. बाहेरच्या माना डोलायला लागल्या. आणि इझाबेल तिसरीसाठी खाली वाकली, हलकेच, प्रीतलच्या कानाशी...

आणि खोलीतल्या झाडून सगळ्या बायका वर गेल्या!

"*वरून दिसतो ताजा गोऽऽऽ! कल्ले बगा उघरूऽऽऽन!*"

वर! लाटेवर होडी चढावी तशा! आणि शेवटचा सूर तिथंच थरथरवत धरून ठेवला, डॉमनिकनं तार धरली होती अगदी तसा, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल एवढा वेळ!

इझाबेल ओरडली, "खाली! खाली जाते ती!"

फ्लॉसीनं तिला कोपरानं ढोसलं. "तू चुकलीस गो! रेकॉर्डिंगमधे वर जाते. म्हातारी झालीस, इसरलीस!"

"मी इसरले? माझ्या आयशीचं गानं?"

"सगल्यांच्या फोनात हाय. सगले खोटे आणि तू एकटी खरी?"

यावर इझाबेल काय बोलणार होती ते राहूनच गेलं, कारण दार धाडकन उघडलं आणि नवऱ्याची आई आत आली. एकटी नाही. नवऱ्याला मनगटाला धरून!

"कोन म्हनालं कल्ले बगा? कोन? अर्नाल्याला कल्ले शिकवता? जन्म गेला आमचा कल्ले उघडन्यात!" तिनं पोराची हनुवटी धरून मान वर केली. "या! बगा! लाल हायत का काले, बगून घ्या एकदाचे! नंतर तक्रार नको!"

नवरा बिचारा कोटाची कॉलर धरून छताकडे बघत उभा. प्रीतल रडायला लागली. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी अर्नाळ्याच्या गाडीवाल्याला हाक मारली.

फ्लॉसीचं तोंड सुकटासारखं झालं. "गानं आमचं नाय ओ!" ती किंचाळली. "आमी तर डीजे लावनार होतो! गानं हिच्या आयशीचं! हिच्या!"

आणि सगळ्या बोटांची टोकं इझाबेलकडे वळली. तीच बोटं, मघाशी तिला मधे बसवणारी.

"तुमच्या आयशीनं हे शिकवलं?" नवऱ्याची आई म्हणाली. "कसली बाई होती!"

इझाबेलला सांगता आलं असतं. सांगायचं होतं की माझी आई हे कानाशी म्हणायची, हसत म्हणायची, तिला ठाऊक होतं शब्द किती आवाजात म्हटला की शब्द राहतो आणि किती आवाजात म्हटला की दगड होतो. पण प्रीतलचा पिवळा चेहरा ओला झाला होता. आणि खोलीभर पुरावा प्रत्येकीच्या हातातल्या फोनात होता.

"चुकी झाली बाय," इझाबेल म्हणाली. बाजारात मासळीच्या एका वाट्यासाठी जी कधी झुकली नाही, ती झुकली. "माझ्या आयशीला... तिला समज कमी होती."

नवऱ्याच्या आईनं पोराची हनुवटी सोडली. फ्लॉसीनं डोळे पुसत बाहेर हात हलवला, आणि डीजेवाल्यानं इतके दिवस दाबून ठेवलेलं बटण दाबलं. छाती खरंच हादरली.

त्या दणदणाटात इझाबेलनं आमिषाला कोपऱ्यात गाठलं.

"खाली जानारी ओल कुठं गेली?"

"मम्मी, तिच्यावरच तर फ्लॉसी आंटीचा आवाज होता! तो नीट निघेना. मग मी आधीच्या टेकमधली क्लीन ओळ उचलून तिथं लावली. तुमच्या ओरडण्याच्या आधीची."

"आणि मला नाय विचारलंस?"

"पप्पांना विचारलं ना. ते म्हणाले, वरचीच टाक, तीच छान वाटते. मम्मीला नको सांगू, तिला काय कळणार."

डॉमनिक मांडवाच्या कडेला, डीजेच्या खोक्याआड, खुर्चीवर बसला होता. इझाबेल समोर जाऊन उभी राहिली. तो बुटांकडे बघत होता.

"मला काय ठाऊक गो, असे शब्द आहेत म्हणून," तो पुटपुटला. "तू सांगितले असतेस तर... पण चाल वर गेली की बरी वाटते, तूच सांग, वाईट वाटते का? लोक तर..." मग त्याला काहीतरी सुचलं. त्यानं हळूहळू मान वर केली. "थांब. ही ओळ आपल्या लग्नातही म्हटली होती? माझ्यासाठी?"

डीजेनं गाणं बदललं आणि मधे जरा शांतता पडली. अर्नाळ्याची, पाचूबंदरची, सगळी माणसं इकडे बघत होती. इझाबेलनं आवाज खाली नेला नाही.

"म्हटली होती. आयशीनं रीत पाळली, माझ्या कानाशी, हळू म्हटली. तिथंच चुकलं बग डॉमनिक! तिनं तुझ्यासारखी वरच्या सुरात म्हटली असती, तर मी तेवाच तुझे कल्ले उघडून बगितले असते!"